ती तुळस पेंटरजींची नव्हे

कुणी त्यांचं काम बघायला आलं की ते त्याचं कोपर हलकेच धरायचे, त्याला तीन पावलं मागे न्यायचे आणि म्हणायचे, "इथून. आता बघा. सवडीनं."

समोर कोण आहे याचा त्यांना फरक पडत नसे. एकदा कारखान्यात वॅगनवरचा ताजा नंबर तपासायला फोरमन आले. पेंटरजींनी त्यांनाही मागे नेलं, आणि तिसऱ्या पावलाला फोरमनचा बूट राखाडी रंगाच्या बादलीत गेला. "नंबर बघून घ्या साहेब, सवडीनं," पेंटरजी म्हणाले. "बूट मी पुसतो." फोरमन इतके चक्रावले की त्यांनी पाय बादलीत ठेवूनच सगळा नंबर वाचला.

आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर जे अंगणाचं चित्र दिसतं, ते या पेंटरजींचं. तुमच्यापैकी बहुतेकांना ते 'तुळशीचं चित्र' म्हणूनच माहीत आहे. नव्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ते छापायचं ठरलं आणि चित्रकाराबद्दल चार शब्द लिहायला मला सांगितलं, कारण त्यांच्याबरोबर कारखान्यात काम केलेला, लिहू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे.

लिहितो. पण जे सांगायचं ते आधी सांगून टाकतो. चित्र त्यांचं आहे. तुळस त्यांची नाही. ती मी काढली, त्यांना न विचारता. आणि गेली तीसेक वर्षं ती त्यांच्या नावावर राहू दिली.

ते मूळचे भुसावळकडचे. रेल्वेत लागले आणि बदलीनं झाशीला आले. कारखान्यात दुरुस्त होऊन निघालेल्या वॅगनवर नंबर आणि अक्षरं घालायची, हे त्यांचं काम. सगळे हिंदी बोलणारे त्यांना पेंटरजी म्हणत, म्हणून आम्ही मराठी माणसंही पेंटरजीच म्हणायला लागलो. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि खालची रेघ शाईनं वर उतरवायची. ते मला ट्रेसरसाहेब म्हणायचे. त्यातला 'साहेब' थट्टेचा होता, पण गोड थट्टेचा.

बाकीचे पेंटर पत्र्याचा साचा लावून नंबर रंगवत. पेंटरजी खडूत घोळलेली सुतळी दोन टोकांना ताणून टिचकी मारायचे. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उठायची आणि मग त्या रेघेवर ते हातानं आकडे घालायचे. त्यातही आठ हा त्यांचा जीव. "आठाचं वरचं पोट खालच्यापेक्षा थोडं लहान हवं," ते म्हणायचे. "सारखी ठेवली तर आठ डोक्यावर उभा आहे असं वाटतं." एकदा आम्ही दोघं फाटकाशी अडकलो. लांबलचक मालगाडी चालली होती. उन्हात सगळे वैतागले होते, एक रिक्षावाला रेल्वेच्या नावानं बुंदेलीत शिव्या घालत होता. पेंटरजी मात्र सायकलला टेकून खुशीत उभे. "तो बघा, आपला आठ! तो दुसऱ्याचा. तो दुसऱ्याचा. हा आपला!" रिक्षावाल्यानं विचारलं, "काय भैया, कोऊ जान-पहचान वालो जा रओ का?" पेंटरजी म्हणाले, "हाँ भैया, घर के ही हैं."

ते घरी चित्रं काढतात हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एका रविवारी दुपारी काही कामानं त्यांच्या क्वार्टरवर गेलो. मागच्या अंगणात ते उलट्या बादलीवर बसले होते, मांडीवर हार्डबोर्डचा मोठा तुकडा. समोर भिंत, नळ, भिंतीला उभी करून ठेवलेली खाट आणि कपडे वाळत घालायची तार. दुसरं काहीच नाही. वहिनी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभ्या होत्या.

"पाच मिनिटं कपडे नकोत," पेंटरजी म्हणाले.

"तुमचं चित्र होईपर्यंत आम्ही ओले कपडे घालून फिरायचं का?" वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हीच विचारा यांना, या भिंतीत काय आहे एवढं. सहा महिने झाले."

मीही त्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, "काही नाही. म्हणून तर वेळ लागतोय."

रंग सगळे वॅगनचे. डब्यांच्या तळाशी उरलेला रंग फोरमन त्यांना नेऊ देत. तो तांबूस लाल, तो राखाडी, थोडा पिवळा आणि पांढरा. चित्रात भिंत म्हणजे वरचा एक सपाट लाल पट्टा. खाट म्हणजे तिरका तपकिरी चौकोन. तार म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत एकच रेघ, सुतळीच्या टिचकीनं आखलेली. नळ पांढरा, बोटभर. आणि डावीकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा मोकळा. छटा नाहीत, चेहरे नाहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते अर्धवट वाटलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

"वहिनी कुठेत यात?" मी विचारलं.

"आत गेल्या. आत्ताच." त्यांनी ब्रशच्या मागच्या टोकानं नळ दाखवला. नळाखाली एक थेंब होता, टाचणीच्या डोक्याएवढा. "अजून ठिबकतोय बघा."

डावीकडच्या मोकळ्या भागावरून त्यांनी हात फिरवला, न टेकवता. "हे सगळ्यात अवघड गेलं. चार महिने याच्यावरच गेले."

मी हं म्हटलं. समजलं नव्हतं.

ग्वाल्हेरचे एक चित्रकलेचे प्राध्यापक नात्यातल्या लग्नासाठी झाशीला आले होते. कुणाच्या तरी ओळखीनं ते पेंटरजींच्या क्वार्टरवर गेले आणि दोन तास त्या चित्रासमोर बसले. दिल्लीत काही चित्रकारांचं प्रदर्शन ते जुळवत होते. म्हणाले, गणपतीत पुन्हा येणार आहे, तेव्हा हे बरोबर नेतो. पेंटरजींनी हे मला सोडून कुणाला सांगितलं नाही. मला सांगताना ते सायकलच्या हँडलवरची धूळ पुसत होते, नसलेली. "माझं नाव नसलं तरी चालेल," ते म्हणाले, "पण चार जाणत्या माणसांनी एकदा सवडीनं बघावं."

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात चित्रं आणि हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि त्याचा चिटणीस मी. मीच पेंटरजींकडून ते चित्र मागून आणलं. प्राध्यापकांनी इथूनच न्यावं असं ठरलं. पेंटरजी आईच्या वर्षश्राद्धासाठी उद्घाटनाच्या आदल्या रात्रीच्या गाडीनं भुसावळला गेले, उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी परतणार होते.

आता त्या वेळच्या मंडळाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्यासारखी घरं पिढ्यान् पिढ्या इथली. पूर्वज कुणी दप्तरात कामाला आले, कुणी पूजेअर्चेला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मुलांना 'ळ' म्हणता येईना. अशा घरांना आपण मराठी आहोत हे सारखं कुठेतरी दिसावं लागतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष आणि महिला समितीच्या बायका मांडणी बघायला आल्या आणि पेंटरजींच्या चित्रासमोर थबकल्या.

"हे काय आहे?"

"अंगण."

"तुळस कुठाय?"

"त्यांच्या अंगणात नाहीये, नळ आहे," मी म्हणालो.

"अहो, क्वार्टरच्या अंगणाचं काय घेऊन बसलात," अध्यक्ष म्हणाले. "पाहुणे मोठे अधिकारी आहेत. हिंदी माणूस. त्यांनी हे बघून काय समजायचं, मराठी माणसाच्या अंगणात खाट आणि नळ असतो? तुम्ही चिटणीस आहात. काहीतरी बघा."

मी "बघतो" म्हणालो. माझ्या आयुष्यातले पुष्कळ घोटाळे या एका शब्दानं सुरू झाले आहेत.

चित्र बाजूला ठेवता आलं असतं. पेंटरजी येईपर्यंत थांबता आलं असतं. पण माझी चित्रकला चांगली, असं मला लहानपणापासून सगळे सांगत आले होते, आणि ती मोकळी जागा मलाही पहिल्या दिवसापासून खटकत होती. मी घरून पोस्टर कलर आणले. तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग धरत नाही, म्हणून त्यात डिंक घातला. एका दिनदर्शिकेवरचं तुळशीवृंदावन ट्रेस करून घेतलं. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी दोन ते चार मी त्या बोर्डासमोर बसलो आणि डावीकडच्या भागात वृंदावन काढलं. कोनाडा, कोनाड्यात पणती, वर हिरवीगार तुळस. मनाशी म्हणत होतो, पाण्याचाच रंग आहे, उद्घाटन झालं की पुसून टाकू.

ड्रॉइंग ऑफिसात पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली होती. मूळ रेघ जिथे असेल तिथेच आपली रेघ. चुकीची वाटली तरी सुधारायची नाही. तोवरच्या नोकरीत मी ती एकदाही मोडली नव्हती.

पाहुणे आले. सगळी चित्रं ओलांडत नेमके त्या चित्रापाशी थांबले. "वाह! देखिए, इसे कहते हैं मराठी आँगन." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "पेंटरजींनी ऐकलं म्हणायचं! भुसावळला जायच्या आधी काढून दिली का?"

"हो," मी म्हणालो. "ऐकलं त्यांनी."

त्या संध्याकाळी मी ओला फडका घेऊन गेलो, तर चित्रासमोर बायका उभ्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, हे चित्र मधोमध लावा. मी ते मधोमध लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेंटरजी स्टेशनवरून थेट आले, खांद्याला पिशवी, डोक्याचे केस उतरवलेले. पाठोपाठ प्राध्यापक. पेंटरजींचा चेहरा असा उजळला होता की मी अभिप्रायांच्या टेबलामागे सरकलो. त्यांनी प्राध्यापकांचं कोपर धरलं, तीन पावलं मागे नेलं. "इधर से, सर. आराम से." ते प्राध्यापकांच्या चेहऱ्याकडे बघत होते, चित्राकडे नाही. प्राध्यापकांच्या कपाळावर आठी पडली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

मी अभिप्रायांच्या वहीत डोकं घातलं होतं. पण कान उघडे होते.

"ये तुलसी पहले तो नहीं थी," प्राध्यापक म्हणाले.

"बाद में आई, सर."

"आपने बनाई?"

पेंटरजी थांबले. ते माझ्याकडे बघत आहेत हे मला मान न वर करताही कळत होतं. अध्यक्ष तिथेच होते, बायका होत्या. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी वहीचं पान उलटलं.

"चित्र मेरा है, सर," पेंटरजी म्हणाले, "तो तुलसी भी मेरी ही हुई."

प्राध्यापक भला माणूस होता. त्यानं पुन्हा एकदा चित्राकडे बघितलं. मग म्हणाला, "अच्छा है. यहाँ के लोगों को पसंद आएगा." नमस्कार करून गेला. पुन्हा आला नाही.

पेंटरजींनी चहा घेतला. सतरंज्या गुंडाळायला मदत केली. सगळे पांगल्यावर चित्राजवळ गेले, तुळशीच्या एका पानावर नख टेकवलं, वास घेतला.

"पोस्टर कलर ना, ट्रेसरसाहेब?"

"हो."

"डिंक जास्त झालाय. पण ओल्या फडक्यानं जाईल." मग थोडं हसले. "वृंदावन झकास उतरलंय. फक्त उन्हात उभं असून त्याला सावली नाही."

"मी पुसतो. उद्याच पुसतो," मी म्हणालो. "चुकलं माझं" हे म्हणालो नाही. ते आज लिहिताना लक्षात येतं आहे.

"पुसा ना. सवडीनं," ते म्हणाले. "तोवर चित्र इथेच राहू दे."

ते त्यांनी परत नेलं नाही. त्यांना स्वतः पुसायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. त्यांनी ते माझ्यासाठी ठेवलं होतं. मला ते तेव्हाही कळलं होतं.

मी उद्या पुसलं नाही. कार्तिकात एकदा निश्चय करून फडका भिजवून सभागृहात गेलो. आदल्या दिवशी मंडळात तुळशीचं लग्न झालं होतं आणि कुणीतरी चित्रातल्या वृंदावनालाही हळदकुंकू लावलं होतं, खाली दोन झेंडूची फुलं. मी फडका पिळून खिशात घातला. पुढच्या आठवड्यात फाटकापाशी पेंटरजी भेटले तेव्हा हे सांगितलं. ते इतके हसले की सायकल पडली. "म्हणजे आता पुसलीत तर तुम्हाला पाप लागणार!" मीही हसलो. त्या हसण्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

लोक त्यांना भेटले की तुळशीचं कौतुक करत. एक बाई तर मागेच लागल्या, आम्हालाही एक अशी तुळस काढून द्या. पेंटरजी म्हणाले, "ती एकदाच जमली, ताई. पुन्हा नाही जमायची." मी शेजारी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर त्यांनी चित्रं काढली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. क्वार्टरवर जाणंही हळूहळू थांबलं. सोसायटीच्या कामात होतो, मुलांची शिक्षणं होती, असं मी सांगत आलो. खरं कारण ते अंगण होतं. आठ मात्र ते निवृत्त होईपर्यंत घालत राहिले.

ते गेले तेव्हा मंडळात शोकसभा झाली. त्यात ठरलं की त्यांची आठवण म्हणून चित्र नीट जपायचं, त्यावर वार्निशचे दोन हात द्यायचे. ठरावावर सह्या झाल्या. तिसरी सही माझी आहे. पाण्यानं जाणारी तुळस त्या दिवसापासून पाण्यानं जायची बंद झाली. परवा जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला दाखवलं. तो म्हणाला, वार्निश काढायला गेलो तर खालचा रंगही निघेल, हात न लावलेलाच बरा.

म्हणून हा लेख. आता पुसण्याचं काम एवढंच शक्य आहे. मंडळाचे सध्याचे चिटणीस वाचून म्हणाले, "काका, कव्हर तर तय झालंय, त्यावर तुळसच आहे. इतकं सगळं छापायचं का? आप ही की बदनामी होगी." मी म्हणालो, कव्हर तेच राहू दे, आत हे छाप.

पण त्याआधी एका माणसाला हे सांगायला हवं होतं. पेंटरजींची मुलगी झाशीजवळ बबीन्याला असते, तिथल्या एका शाळेत शिकवते. त्या गणपतीत ती जेमतेम चार वर्षांची होती. मागच्या रविवारी बस धरून तिच्याकडे गेलो.

"काका! बसा ना. चाय की ठंडा?"

"आधी हे ऐक," म्हणालो आणि तुम्ही इथपर्यंत वाचलंत ते सगळं तिला वाचून दाखवलं. ती मध्ये एकदाच हसली, वहिनींच्या ओल्या कपड्यांपाशी. संपल्यावर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"बाबा गेले तेव्हा जो आला तो तुळशीबद्दल बोलला," ती म्हणाली. "मी प्रत्येकाला हो म्हटलं. थँक्यू म्हटलं."

मी माफी मागितली. ती त्यावर काही बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं मला म्हणता येत नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काका, मला अंगण आठवतं, पण चित्र तुळशीशिवाय बघितलेलं आठवत नाही. तुम्ही बघितलंत. तुळस आहे तिथे आधी काय होतं?"

"मोकळं होतं."

"मोकळं म्हणजे, रंग कोणता? बाबांचे चार महिने गेले ना त्यात?"

मी सांगायला तोंड उघडलं. वृंदावनाच्या कोनाड्याची कमान कशी वळवली ते मला आठवत होतं. तुळशीला मंजिऱ्या सात होत्या, पणतीची ज्योत डावीकडे झुकलेली होती. दोन तास मी त्या जागेपासून वीतभर अंतरावर डोळे लावून बसलो होतो. लाल होती? राखाडी? की त्यांनी पिवळ्यात काही मिसळलं होतं? एक रंग होता की एकातून दुसरा उतरत गेला होता? काहीही येईना. माझ्या हातानं झाकण्याआधी मी ते बघितलंच नव्हतं. आणि आता वहिनीही नाहीत, ते प्राध्यापकही नाहीत; बघितलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही.

"माहीत नाही, बेटा," मी म्हणालो.

ती वाट बघत राहिली, मला आठवेल या आशेनं. मग उठली, माझ्या हातातले कागद घेतले, सरळ केले आणि माझ्याच खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"हेही लिहा, काका."

लिहिलं आहे.